कोड तोच, मुक्काम वेगळा

31 जानेवारी 2009, शनिवार. भारतात रात्रीचे आठ वाजले होते आणि गूगलने जगातलं जवळजवळ प्रत्येक संकेतस्थळ धोकादायक ठरवून टाकलं. काहीही शोधा, प्रत्येक निकालाखाली एकच इशारा दिसत होता: हे संकेतस्थळ तुमच्या संगणकाला अपाय करू शकतं. पाऊण-एक तासात गोंधळ निवळला आणि गूगलने कारणही त्याच दिवशी जाहीर केलं. घातक संकेतस्थळांच्या पत्त्यांची एक यादी कंपनी बाळगते आणि वेळोवेळी ताजी करते. त्या दिवशीच्या यादीत एका माणसाच्या चुकीने नुसती तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश, शिरली होती. ही रेघ प्रत्येक वेब-पत्त्यात असतेच, त्यामुळे यंत्रणेने त्या नोंदीचा अर्थ ‘सगळेच’ असा लावला. चूक प्रोग्रामात नव्हती, त्याला पुरवलेल्या यादीत होती. सॉफ्टवेअर बिघडलं की आपण कोड लिहिणाऱ्याकडे बोट दाखवतो. पण कोडच्या बाहेर राहून त्याला दिशा देणाऱ्या याद्या, पत्ते, चाव्या आणि चालू-बंदची बटणं यांनी केलेलं नुकसान कोडमधल्या चुकांपेक्षा कमी नाही. तरीही या गोष्टींना आपण ‘सेटिंग’ म्हणून किरकोळीत काढतो. माझं म्हणणं असं की प्रत्येक सेटिंग हा एक निर्णय असतो. कोडच्या प्रत्येक ओळीला जी शिस्त लागते, ती सेटिंगलाही लागू व्हायला हवी.

हे समजायला आधी एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. वेबवरचा कोणताही कार्यक्रम निदान तीन ठिकाणी मुक्काम करतो: प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर, चाचणीसाठी राखलेल्या ‘स्टेजिंग’ सर्व्हरवर आणि शेवटी खऱ्या ग्राहकांसमोर, म्हणजे ‘प्रॉडक्शन’वर. नाटकवाल्यांच्या भाषेत तालीम, रंगीत तालीम आणि प्रयोग. संहिता तिन्हीकडे तीच असते, पण तालमीच्या खोलीत प्लॅस्टिकची खुर्ची सिंहासन म्हणून चालते, प्रयोगात चालत नाही. कोडचंही तसंच आहे. तिकिटं विकणारं संकेतस्थळ घ्या. प्रवाशांच्या नोंदी कोणत्या डेटाबेसमध्ये जायच्या, पैसे कोणत्या खात्यातून वळते करायचे, पुष्टीचा ईमेल खऱ्या माणसाला पाठवायचा की चाचणीच्या पेटीत टाकायचा, काही बिघडलं तर पडद्यावर तांत्रिक तपशील दाखवायचा की नुसती दिलगिरी, या सगळ्यांची उत्तरं मुक्कामागणिक बदलतात. या बदलत्या उत्तरांनाच कॉन्फिगरेशन म्हणतात. ऑनलाइन पैसे स्वीकारण्याची सोय पुरवणारी आपल्याकडची रेझरपे ही कंपनी व्यापाऱ्यांना दोन वेगळ्या चाव्या देते. एकीच्या नावात सुरुवातीलाच ‘टेस्ट’ असतं, दुसरीच्या नावात ‘लाइव्ह’. पहिलीने केलेला व्यवहार लुटुपुटूचा, दुसरीने केलेला खरा. चुकीची चावी चुकीच्या जागी बसली तर ग्राहकाला ‘पैसे मिळाले’ असं दिसेल आणि दुकानदाराच्या खात्यात दमडी येणार नाही. कोड मात्र दोन्ही वेळा अक्षरशः तोच असेल.

मग ही उत्तरं ठेवायची कुठे? सोपा मार्ग म्हणजे कोडमध्येच लिहून टाकायची, आणि बहुतेक घाईच्या कामांत तसंच होतं. त्याची किंमत ऊबरला 2016 मध्ये मोजावी लागली. कंपनीचा कोड गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावर खासगी कप्प्यात होता. दुसरीकडून फुटलेल्या पासवर्डांच्या मदतीने दोघे जण त्या कप्प्यात शिरले. तिथे कोडमध्येच त्यांना ॲमेझॉनच्या सर्व्हरची चावी उघड्या मजकुरात सापडली आणि तिच्या जोरावर 5 कोटी 70 लाख ग्राहक व चालकांची माहिती त्यांनी उचलली. ऊबरने त्यांना 1 लाख डॉलर देऊन प्रकरण वर्षभर दडपलं, आणि 2018 मध्ये अमेरिकी राज्यांशी 14 कोटी 80 लाख डॉलरची तडजोड केली. टोयोटाची गोष्ट आणखी बोलकी आहे. टी-कनेक्ट या सेवेच्या कोडचा काही भाग एका कंत्राटदाराने डिसेंबर 2017 मध्ये गिटहबवर चुकून सर्वांना दिसेल असा ठेवला. त्यात ग्राहकांच्या माहितीच्या सर्व्हरची चावी होती. हे कंपनीच्या लक्षात आलं सप्टेंबर 2022 मध्ये. जवळपास पाच वर्षं 2,96,019 ग्राहकांचे ईमेल पत्ते वाऱ्यावर होते. अशा घटना अपवादात्मक नाहीत. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये गिटहब चाळून दाखवून दिलं की एक लाखाहून अधिक कप्प्यांमध्ये चाव्या उघड्या पडल्या आहेत आणि रोज हजारो नव्या चाव्यांची त्यात भर पडते. शिवाय गिटसारखी व्यवस्था जुन्या प्रत्येक आवृत्तीची आठवण ठेवते. आज चावी पुसली तरी कालच्या आवृत्तीत ती शाबूत असते. म्हणून फुटलेली चावी पुसून भागत नाही, कुलूपच बदलावं लागतं.

हेरोकू या कंपनीचे सहसंस्थापक ॲडम विगिन्स यांनी 2011 मध्ये वेब ॲपसाठी बारा सूत्रांची एक मार्गदर्शिका लिहिली. तिचं तिसरं सूत्र कॉन्फिगरेशनबद्दल आहे आणि त्यात एक नेमकी कसोटी दिली आहे. तुमचा सगळा कोड या क्षणी जगासमोर खुला केला, तर एखादी चावी किंवा पासवर्ड उघडा पडेल का? पडणार असेल, तर कोड आणि कॉन्फिगरेशन यांची फारकत झालेली नाही. त्यांचा उपाय असा की या सेटिंगांच्या किमती सर्व्हरच्या स्वतःच्या परिस्थितीत, म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये ठेवाव्यात आणि कोडने त्या तिथून वाचाव्यात. पुढे ही पद्धत जगभर रुळली. लॅपटॉपवर सोय म्हणून ‘डॉट एन्व्ह’ नावाची एक छोटी फाइल करायची, तिच्यात या किमती लिहायच्या आणि ती फाइल कोडच्या कप्प्यात जाऊ द्यायची नाही, हा आज नवशिक्या प्रोग्रामरचा पहिल्या आठवड्यातला धडा असतो.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. चावी कोडमधून काढून शेजारच्या फाइलमध्ये ठेवली, यात सुरक्षितता ती काय वाढली? आक्षेपात तथ्य आहे आणि त्याला पुरावाही आहे. ऑगस्ट 2024 मध्ये पालो आल्टो नेटवर्क्सच्या युनिट 42 या संशोधन गटाने एक मोठी खंडणीची मोहीम उघडकीला आणली. हल्लेखोर इंटरनेटवर हिंडून चुकून सर्वांना दिसणाऱ्या ‘डॉट एन्व्ह’ फाइली वेचत होते. त्यांनी 1 लाख 10 हजार डोमेनना लक्ष्य केलं आणि अशा फाइलींमधून 90 हजारांहून अधिक वेगवेगळ्या किमती गोळा केल्या. ज्यांच्या फाइली सापडल्या, त्यांनी कदाचित फारकतीचा नियम पाळलाही असेल. फक्त ती फाइल वेब सर्व्हर जिथून जगाला पानं वाढतो त्याच फोल्डरमध्ये राहिली. तेव्हा उत्तर असं द्यावं लागतं: फारकत म्हणजे संरक्षण नव्हे, ती संरक्षणाची पूर्वअट आहे. चावी कोडमध्ये मिसळलेली असेल तर तिच्यावर वेगळा पहारा बसवताच येत नाही, कारण कोड डझनभर माणसांना दिसावाच लागतो. ती बाहेर काढली की मग प्रश्न विचारता येतात: ही कोणाला दिसावी, किती दिवस चालावी, कोणी कधी वापरली याची नोंद कुठे? हॅशिकॉर्पचं व्हॉल्ट किंवा क्लाउड कंपन्यांच्या तिजोऱ्या हेच काम करतात. डेटाबेसचा पासवर्ड आणि पानावर किती वस्तू दाखवायच्या हा आकडा, दोन्ही सेटिंगच. पण पहिलं गुपित आहे आणि दुसरं नाही. दोन्हींना एकाच फाइलीत कोंबणं ही सोय झाली, व्यवस्था नव्हे.

गुपितांचा प्रश्न सुटला तरी दुसरा, माझ्या मते जास्त खोल, प्रश्न उरतो: मुक्कामांमध्ये फरक किती असावा? पॅट्रिऑन हे कलाकारांना वर्गणी मिळवून देणारं संकेतस्थळ 2015 मध्ये फोडलं गेलं. कंपनीने सांगितलेलं कारण असं की संकेतस्थळाची चाचणीची, ‘डीबग’ बटण चालू असलेली आवृत्ती बाहेरच्या जगाला दिसत होती आणि तिच्यात खऱ्या डेटाबेसची प्रत भरलेली होती. डीबग चालू असलं की प्रोग्राम स्वतःच्या पोटातलं सगळं दाखवतो. लॅपटॉपवर ते वरदान असतं, खुल्या रस्त्यावर संकट. म्हणजे तिथे दोन मुक्कामांची सरमिसळ झाली होती: पहारा तालमीचा आणि ऐवज प्रयोगाचा. पुढे, 31 जानेवारी 2017 रोजी, कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅब या कंपनीत याच्या उलट बाजूने अपघात झाला. एका अभियंत्याला दुय्यम डेटाबेसवरचा फोल्डर रिकामा करायचा होता. आपण मुख्य डेटाबेसवर आहोत हे त्याच्या ध्यानात आलं तोवर सुमारे 300 जीबी माहिती पुसली गेली होती. मग राखीव प्रती शोधायला गेले, तर नेहमीची प्रत घेणारं काम कित्येक दिवस अपयशी होत होतं. डेटाबेसची आवृत्ती होती 9.6, आणि प्रत घेणाऱ्या सर्व्हरवर आवृत्ती ठरवणारी फाइलच नसल्याने तिथला प्रोग्राम 9.2 ची जुनी हत्यारं वापरत होता. काम अपयशी झाल्याचे ईमेलही एका वेगळ्या सेटिंगमुळे कोणापर्यंत पोचत नव्हते.

गिटलॅबने या प्रसंगाचा तपशीलवार अहवाल सर्वांसाठी प्रसिद्ध केला, म्हणूनच त्यातून शिकता येतं. गंमत म्हणजे त्यांना वाचवलं ते स्टेजिंगसाठी सहा तास आधी हाताने घेतलेल्या एका प्रतीने. पॅट्रिऑनला ज्या सवयीने बुडवलं, त्याच सवयीने गिटलॅबला तारलं. त्यावरून ‘खरी माहिती चाचणीला नेऊच नये’ किंवा ‘न्यावीच’ असा सरसकट नियम निघत नाही. निघतो तो असा: ती प्रत जिथे जाईल तिथला पहारा प्रॉडक्शनइतकाच कडक असला पाहिजे. आणि दुसरा असा, की फरक जे असतील ते कमी असावेत आणि डोळ्यांना दिसावेत. लपलेला फरक म्हणजे 9.2 आणि 9.6 मधला, जो कोणी ठरवून केला नव्हता आणि कोणाला माहीतही नव्हता. दिसणारा फरक म्हणजे अपघातानंतर गिटलॅबने योजलेला उपाय: प्रॉडक्शनच्या सर्व्हरवर आज्ञा टाइप करायची ओळ लाल रंगात आणि स्टेजिंगवर पिवळ्या. उपाय बिनखर्चाचा आहे, पण त्याच्यामागचा विचार पक्का आहे. आपण कुठे उभे आहोत हे माणसाला आठवावं लागू नये, दिसावं.

कॉन्फिगरेशनला कोडपेक्षा दुय्यम मानण्याचा सर्वांत महागडा धडा नाइट कॅपिटल या अमेरिकी दलाल कंपनीने गिरवला. 1 ऑगस्ट 2012 रोजी न्यूयॉर्क शेअर बाजारात एक नवी योजना सुरू होणार होती. त्यासाठी नाइटने शेअर खरेदी-विक्रीच्या आपल्या आठ सर्व्हरांवर नवा कोड चढवला. चढवणाऱ्याच्या हातून एक सर्व्हर राहिला. सात आणि आठ यांची तुलना करून पाहायला दुसरा माणूस नेमलेला नव्हता. तसा लेखी नियमही नव्हता. यातून कदाचित थोडंच बिघडलं असतं, पण नवी योजना चालू करायला जे बटण वापरलं होतं ते जुनंच, कामातून गेलेलं बटण होतं. नव्या कोडमध्ये त्याचा अर्थ ‘नवी योजना चालू’ असा होता. राहून गेलेल्या आठव्या सर्व्हरवर मात्र त्याचा अर्थ 2003 पासून वापरात नसलेला एक जुना प्रोग्राम चालू करणं असाच होता. बाजार उघडला आणि त्या एका सर्व्हरने थांबायचं कुठे हे न कळता ऑर्डरी सोडायला सुरुवात केली. 45 मिनिटांत 154 कंपन्यांच्या शेअरांचे 40 लाख व्यवहार झाले आणि कंपनीला 46 कोटी डॉलरहून अधिक फटका बसला. बाजार उघडण्याआधी त्या जुन्या प्रोग्रामचं नाव असलेले 97 ईमेल यंत्रणेने आपणहून पाठवले होते, पण ते इशारे म्हणून वाचायची पद्धतच नव्हती. त्यावर कडी म्हणजे गोंधळात अभियंत्यांनी बरोबर असलेल्या सात सर्व्हरांवरूनच नवा कोड काढून टाकला, आणि जुना प्रोग्राम आता आठही ठिकाणी जागा झाला. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने कंपनीला 1 कोटी 20 लाख डॉलरचा दंड केला. तोवर कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली होती.

इथे अनुभवी मंडळी एक महत्त्वाचा मुद्दा मांडतात. सेटिंग कोडबाहेर ठेवण्याचं कारणच मुळी ते चटकन बदलता यावं हे आहे. प्रत्येक सेटिंगला परीक्षण, चाचणी आणि टप्प्याटप्प्याने प्रसार अशी कोडची मिरवणूक काढायला लावली, तर मग फायदा काय? हल्ला चालू असताना दार बंद करायला समितीची बैठक बोलवायची का? प्रश्न खरा आहे, पण वेगाची बाजू घेणाऱ्यांना 19 जुलै 2024 चा हिशेब द्यावा लागतो. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने त्या दिवशी विंडोज संगणकांकडे जी फाइल धाडली, तिला कंपनी स्वतः कोड म्हणत नव्हती, मजकुराचं कॉन्फिगरेशन म्हणत होती. कोडच्या आवृत्त्या ग्राहक आपल्या सोयीने टप्प्याटप्प्याने घेऊ शकत. ही फाइल मात्र सगळ्यांकडे एकदम जाई. फाइल 21 रकाने गृहीत धरत होती, वाचणारा प्रोग्राम 20 च पुरवत होता. चूक 78 मिनिटांत मागे घेतली गेली, पण तेवढ्या वेळात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार 85 लाख संगणक कोसळले आणि भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. त्याआधी जून 2019 मध्ये गूगलने एका विभागातल्या मोजक्या सर्व्हरांसाठी केलेला बदल चुकून शेजारच्या अनेक विभागांना लागू झाला, आणि यूट्यूब व जीमेलसह अनेक सेवा काही तास रखडल्या. दोन्हीकडे बदल वेगाने पोचला, ही काही तक्रार नाही. तो एकदम सगळीकडे पोचला, ही तक्रार आहे.

म्हणून वेग आणि शिस्त यांत निवड करावी लागत नाही. आणीबाणीत दाबायची बटणं आधीच ठरवून, तपासून, कोणी दाबायची हे लिहून ठेवता येतात. ती दाबायला बैठक लागत नाही. बाकीचे बदल आधी शंभरातल्या एका सर्व्हरवर, मग दहांवर, मग सर्वांवर असे गेले तर काही मिनिटं जातात आणि चूक एका कोपऱ्यातच कळते. क्राउडस्ट्राइकने अपघातानंतर हाच टप्प्याटप्प्याचा मार्ग जाहीर केला. यात वेळ थोडा जातो हे मान्य, पण तो आधी जातो की नंतर, एवढाच प्रश्न उरतो.

दुसरा आक्षेप पैशांचा. पुण्यातली दहा माणसांची कंपनी गूगलसारखी यंत्रणा कुठून उभारणार? तिला तशी गरजही नाही. गुपितं वगळून लागणाऱ्या सर्व सेटिंगांची नावं असलेली एक नमुना फाइल कोडसोबत ठेवायला खर्च येत नाही. प्रोग्राम सुरू होतानाच सगळ्या किमती आहेत का, पत्त्याच्या जागी पत्ता आणि आकड्याच्या जागी आकडा आहे का हे तपासून, नसेल तर सुरू व्हायलाच नकार देणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. प्रॉडक्शनवर ‘टेस्ट’ची चावी दिसली किंवा डीबग चालू दिसलं तर अडून बसणं, हेही त्यातच येतं. बेधडक चालू होऊन तासाभराने कोसळणाऱ्या प्रोग्रामपेक्षा सुरुवातीलाच आडमुठेपणा करणारा प्रोग्राम परवडतो. न करण्याचा खर्च मात्र वाढला आहे: डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी 2023 मध्ये झालेल्या कायद्यात, सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आता कोड लिहिणाऱ्यांत कृत्रिम बुद्धिमत्ताही सामील झाली आहे, तेव्हा हा प्रश्न आणखी टोकदार होतो. जुलै 2025 मध्ये रेप्लिट या सेवेच्या एआय मदतनिसाने, बदल करू नको असं सांगितलेलं असतानाही, एका ग्राहकाचा चालू डेटाबेस पुसला. कंपनीने त्यानंतर विकासाचे आणि प्रॉडक्शनचे डेटाबेस आपोआप वेगळे ठेवण्याची सोय आणली. सूचना मोडता येते. ज्या दाराची चावीच दिलेली नाही, ते दार उघडणं त्याहून अवघड असतं.

आपल्याकडे सरकारी संकेतस्थळं खुली होण्याआधी सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या लेखापरीक्षकांकडून त्यांची सुरक्षा तपासणी होते आणि प्रमाणपत्र मिळतं. ही तपासणी बहुधा चाचणीच्या सर्व्हरवर केली जाते. नागरिकांची माहिती मात्र राहते प्रॉडक्शनवर, वेगळ्या चाव्यांनी, वेगळ्या पत्त्यांवर, वेगळ्या बटणांसह. वरच्या अनेक घटना त्या वेगळेपणातच घडल्या. तेव्हा कंत्राट देणाऱ्या प्रत्येक खात्याने, बँकेने, महापालिकेने तपासणीच्या प्रमाणपत्रासोबत आणखी एक कागद मागायला हवा: दोन मुक्कामांत कोणकोणते फरक आहेत, प्रत्येक फरक कोणी आणि का ठरवला, आणि तो शेवटचा कधी बदलला. हा कागद एका दिवसात तयार करता येत नसेल, तर प्रमाणपत्र कोणत्या यंत्रणेला मिळालं आहे हेच त्या खात्याला ठाऊक नाही.